घरातल्या समुद्राचे पाणी : काही दुरुस्त्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत दिवाणखान्यात समुद्री मत्स्यटाकी कशी थाटावी यावर आलेला अर्ध्या पानाचा लेख वाचला. छायाचित्रे देखणी होती. दिवे कोणते घ्यावेत, स्टँड किती भक्कम हवा, काच आतून कशी पुसावी हेही व्यवस्थित सांगितले होते. तक्रार आहे ती पाण्याबद्दलच्या चौकटीविषयी. त्या चौकटीतले बहुतेक सल्ले पाळले तर टाकी दोन-तीन महिन्यांत बसेल, आणि एक सल्ला पाळला तर टाकीचा मालकही आत बसेल.

माझा या विषयाशी काय संबंध, ते आधी सांगते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी सारी नोकरी झाली. काम बॉयलर आणि कूलिंग टॉवरचे पाणी तपासण्याचे. नळ्यांत कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसू नये म्हणून रोज सकाळी नमुने यायचे आणि आम्ही ब्युरेट, म्हणजे खुणांची तोटीवाली काचनळी, घेऊन बसायचो. निवृत्तीनंतर मुलगा नोकरीनिमित्त परदेशी गेला आणि त्याची दीडशे लिटरची समुद्री टाकी माझ्या गळ्यात पडली. म्हणजे जो थर बसू नये म्हणून मी पगार घेतला, तोच थर आता गोगलगायींच्या शंखांवर आणि खडकावरच्या गुलाबी शैवालात नीट बसावा म्हणून पेन्शन खर्च करते आहे. रसायनशास्त्र मात्र तेच आहे, रंग बदलून निकाल सांगणारा इंडिकेटरही तोच.

चौकटीत पहिलाच सल्ला असा होता की, रोज सकाळी पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचा आकडा, मोजावा, तो ८.३ च्या खाली दिसला तर बाजारात मिळणारे पीएच वाढवण्याचे द्रव टोपणभर टाकावे. या एका वाक्यात जितकी हानी आहे, तितकी बाकी साऱ्या लेखात मिळून नसेल.

समुद्री टाकीचा पीएच दिवसभर हलत असतो. दिवे लागले की शैवाल पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाते आणि पीएच चढतो. प्रवाळांच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवालही तेच करते. रात्री सगळेच श्वास सोडतात आणि तो उतरतो. सर्वांत खाली तो पहाटे, दिवे लागण्याच्या जरा आधी असतो. म्हणजे लेखात सांगितलेली वेळ नेमकी घाबरवणारी आहे. पहाटे ७.९ आणि संध्याकाळी ८.२ दाखवणारी टाकी अगदी ठणठणीत असू शकते.

खोलीचाही परिणाम असतो. गेल्या गणपतीत आमच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसे, एसीसाठी खिडक्या बंद, स्वयंपाकघरात दोन्ही शेगड्यांवर मोदकपात्रे. रात्री सहज मीटर बुडवला तर एरवी ८.२ च्या आसपास असणारा पीएच ७.९. मुलगा तिकडून व्हिडिओ कॉलवर आरती बघत होता, त्याने टाकीच्या मागचा आकडा ओळखून विचारलेच, "आई, आज एवढा खाली का?" मी त्याच वेळी अल्कलिनिटीही, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, तपासली, ती जिथल्या तिथे होती. माणसांनी आणि गॅसने खोलीत सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरला होता, इतकेच. पाहुणे गेले, खिडक्या उघडल्या, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पीएच आपल्या जागी. त्या रात्री मी टोपणभर द्रव ओतले असते तर?

ही द्रवे बहुधा कार्बोनेट-बायकार्बोनेटचीच असतात. ती टाकली की पीएच तासा-दोन तासांसाठी चढतो, खोलीतल्या हवेशी जुळवून पुन्हा उतरतो. पण टाकलेले कार्बोनेट कुठे जात नाही. ते पाण्यात साठते, अल्कलिनिटी वाढत जाते. दुसऱ्या सकाळी पीएच पुन्हा खाली, पुन्हा टोपण. आठवडाभराने पाण्याला ते धरवत नाही आणि कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडू लागते. आधी हीटरवर, कारण गरम पृष्ठभागावर ते लवकर बसते. बॉयलरवाल्यांना हे सांगायला नको. मग पंपाच्या पंख्यावर. शेवटी तळाच्या वाळूची ढेकळे होतात. एवढे झाल्यावर कॅल्शियम मोजले तर ते घसरलेले, मग त्याची बाटली आणा. दुकानदाराचे चांगले चालते.

आपल्या टाकीचा पीएच खोलीच्या हवेमुळे कमी आहे की नाही, हे पाहायला एक सोपी चाचणी आहे. टाकीतले पाणी पेल्यात घ्या, पेला खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये ठेवा, छोट्या एअर पंपाची नळी त्यात सोडून तासभर बुडबुडे येऊ द्या. पंपही बाहेरच हवा, नाहीतर तो घरातलीच हवा ओढतो. पेल्यातल्या पाण्याचा पीएच वाढला तर दोष पाण्यात नाही, बंद खोलीत आहे. उपाय फुकट आहे : खिडकी. किंवा स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवा ओढणारी नळी लांब करून खिडकीबाहेर न्यावी. आमच्याकडे तसेच केले आहे. पावसाळ्यात नळीच्या तोंडाला जाळी बांधतो, नाहीतर आत मुंग्या जातात.

मग मोजायचे काय? अल्कलिनिटी. लेखात हा शब्द एकदाही आला नाही, याचे मला खरोखर नवल वाटले. अल्कलिनिटी म्हणजे पाणी किती आम्ल पचवू शकते त्याचे माप. समुद्राच्या पाण्यात ती मुख्यतः बायकार्बोनेटची असते. कार्बन डायऑक्साइड आला-गेला तरी ती बदलत नाही, म्हणून गणपतीच्या रात्री ती हलली नाही. शंख, कवच, प्रवाळाचा सांगाडा बांधताना प्राणी पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट ओढून घेतात, तेव्हा मुख्यतः ती घटते. या छंदात ती जर्मन अंशांत, म्हणजे डीकेएचमध्ये सांगतात. समुद्रात ती ७ च्या आसपास असते, घरच्या टाक्यांत ७ ते ११ च्या दरम्यान कुठेही चालते. आकडा कोणता यापेक्षा तो तिथेच राहतो का, याला जास्त महत्त्व आहे. आमची टाकी ८ वर ठेवली आहे.

कॅल्शियम न मोजता आधी अल्कलिनिटीच का, याचा हिशेब साधा आहे. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात खर्च होतात : अल्कलिनिटी १ अंशाने घटली की कॅल्शियम साधारण ७ पीपीएमने (दहा लाख भागांत ७ भाग) घटते. आता समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास. त्यातले ७ गेले तर घरगुती टेस्ट किटला कळणारही नाही, किटची चूकच त्याहून मोठी असते. पण अल्कलिनिटी ८ ची ७ झाली तर आठवा हिस्सा गेला, आणि तो स्पष्ट दिसतो. कॅल्शियम म्हणजे वर्षाचे भरून ठेवलेले धान्य आणि अल्कलिनिटी म्हणजे रोजचे दूध. घरात माणसे किती जेवतात ते दुधाच्या पिशव्यांवरून आधी समजते.

बाजारात किट मिळतात आणि ते पुरेसे असतात. मला सवय ब्युरेटची, म्हणून मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून एक आणून ठेवली आहे. पन्नास मिलिलिटर टाकीचे पाणी कोनिकल फ्लास्कमध्ये, दोन थेंब मिथाइल ऑरेंज, खाली पांढरी टाइल. पाणी हळदीसारखे पिवळे दिसते. वरून ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल सोडायचे. सहा मिलिलिटरपर्यंत बेधडक, त्यानंतर थेंब-थेंब, फ्लास्क गोल हलवत. पिवळ्यात शेंदरी झाक आली आणि हलवूनही गेली नाही की तोटी बंद. सव्वासातच्या जरासे अलीकडे, ७.१५ वर रंग बदलला की अल्कलिनिटी ८. बॉयलरच्या पाण्यासारखे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सांगायचे तर १४३ पीपीएम. किटमध्ये हेच होते, फक्त बाटल्यांवर नावे वेगळी आणि ब्युरेटऐवजी छोटी सिरिंज. किट वापरणाऱ्यांनी तारीख बघावी, सिरिंजच्या टोकातला बुडबुडा बघावा आणि दर वेळी दिवसाच्या एकाच वेळी मोजावे. पाण्यात काही न टाकता आठवडाभराने पुन्हा मोजले की टाकीचा खर्च कळतो. तो कळल्याशिवाय बाटली उघडू नये.

आमच्या टाकीचा खर्च फार नाही, आठवड्याला १ अंशाच्या आसपास. कारण आमच्याकडे पाषाण-प्रवाळ, म्हणजे दगडी सांगाड्याचे प्रवाळ, नाहीत, त्याबद्दल पुढे लिहिते. लेदर, झोआ, मशरूम ही मऊ प्रवाळ मंडळी, खडकावर पसरलेले गुलाबी-जांभळे कोरलाइन शैवाल आणि गोगलगायी, एवढाच संसार. तरीही, नुसते आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले की सगळे आपोआप भरून निघते, हा लेखातला दावा हिशेबात बसत नाही. पाणी ७ वर आले आणि त्यातला दहावा हिस्सा काढून ८ चे नवे घातले तर होते ७.१. बाकीचे ०.९ कोण देणार? पाणी बदलणे इतर कारणांसाठी चांगले आहे, या कारणासाठी पुरत नाही.

ही तूट भरून काढायला माझे आवडते औषध म्हणजे चुन्याची निवळी. आपल्याकडे ती घराघरांत माहीत असते, आणि १९७०च्या दशकात युरोपात पीटर विल्केन्स यांनी प्रवाळांच्या टाक्यांसाठी तिचा पुरस्कार केला. तिचा गुण असा की कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ती नेमक्या त्याच प्रमाणात देते ज्या प्रमाणात प्राणी ती वापरतात, मागे काही उरत नाही. शिवाय पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन बायकार्बोनेट बनते, म्हणून रात्रीच्या उतरत्या पीएचलाही आधार मिळतो. लिटरभर शून्य टीडीएसच्या, म्हणजे क्षार न उरलेल्या, पाण्यात दोन ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घालायचे. विरघळते दीड ग्रॅमच्या जरा वर, बाकीचे खाली बसते. बसू द्यायचे, ढवळायचे नाही, वरचे नितळ तेवढे घ्यायचे. पानवाल्याकडचा चुना यासाठी नको. त्यात आणखी काय काय आहे ते कुणीच मोजलेले नसते. बाटलीचे बूच घट्ट हवे. उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर पापुद्रा धरतो, आणि तो पापुद्रा म्हणजे वाया गेलेला माल. हाताला, डोळ्यांना जपावे. या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो.

ती एकदम ओतायची नाही. आमच्याकडे मेडिकलमधून आणलेला सलाइनचा सेट आहे. बाटली टाकीच्या वरच्या फळीवर, नळीचे टोक सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या जोडटाकीत, जिथे पाण्याला जोर आहे तिथे, आणि चाक फिरवून मिनिटाला आठ थेंब. रात्री दिवे गेल्यावर लावायचे, सकाळपर्यंत सुमारे दोनशे मिलिलिटर, म्हणजे एक फुलपात्रभर निवळी आत जाते. दीडशे लिटरच्या आमच्या मऊ टाकीचा रोजचा खर्च यातच भागतो. पहिल्या-पहिल्यांदा थेंब पडतो तिथे पांढरा धूर उठल्यासारखा दिसे. नळीचे टोक प्रवाहात सरकवल्यावर ते थांबले.

इथे एक इशारा देणे भाग आहे, कारण बरेच जण ही निवळी बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरून काढायला सरसकट वापरतात. दोन लिटर निवळी एका दिवसात गेली तर दीडशे लिटरच्या टाकीची अल्कलिनिटी दीड अंशाने चढते. दिवसात एका अंशापेक्षा जास्त बदल प्राण्यांना मानवत नाही. ज्यांच्या टाकीचा खर्चच तेवढा आहे त्यांचे ठीक, पण त्यांनाही आपला पावसाळा चुकत नाही. मे महिन्यात पंखा लावून टाकी थंड ठेवतो तेव्हा पाणी भराभर उडते. जुलैत हवाच इतकी ओली की पंखा चालू असूनही त्याच्या निम्मेही उडत नाही. भरायचे पाणी निम्मे झाले की निवळीही निम्मीच जाते, प्राण्यांचा खर्च मात्र तेवढाच असतो. पाऊस लागल्यावर अल्कलिनिटी का घसरली म्हणून लोक किटला दोष देतात. पुण्याच्या कोरड्या हवेत हे आकडे आणखी वेगळे येतील. म्हणून मी निवळी वेगळी देते आणि घटलेले पाणी वेगळे भरते.

एखाद्या वेळी अल्कलिनिटी खरोखर खाली गेली तर खायचा सोडा चालतो. दीडशे लिटरला १ अंश वाढवायला साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा. पेलाभर पाण्यात विरघळवून, दोन दिवसांत विभागून. पुडीवर सोडियम बायकार्बोनेट लिहिलेले हवे. बेकिंग पावडर नको, पापडखार तर नकोच नको. अल्कलिनिटी आणि कॅल्शियम दोन्ही देऊनही दोन्ही टिकत नसतील तर मॅग्नेशियम बघावे. समुद्रात ते १३०० पीपीएमच्या जवळ असते आणि कॅल्शियम कार्बोनेटला पाण्यातून आपणहून बाहेर पडू न देण्याचे काम तेच करते.

या सगळ्याच्याही आधी खारेपणा. तो हजारी ३५ ऐवजी ३१ असेल तर कॅल्शियम ४२० चे ३७२ दिसणारच. तिथे कॅल्शियमची बाटली आणून काय होणार? खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही, ३५ च्या प्रमाणित द्रावणावर तपासून घ्यावा.

चौकटीत जाडे मीठही चालेल असे म्हटले आहे. चालत नाही, आणि का चालत नाही हे उरण-पेणच्या मिठागरांवर काम करणारा कोणीही सांगेल. समुद्राचे पाणी आटवत नेले की आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते, मग जिप्सम, आणि त्यानंतर मीठ. मॅग्नेशियम शेवटपर्यंत त्या कडू पाण्यात राहते आणि ते पाणी आगरातून काढून टाकतात. मिठाच्या खड्यात उरते ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. आपल्याला हवे ते सगळे त्याच्या आधी किंवा नंतर निघून गेलेले असते. आयोडीन घातलेले खायचे मीठ त्याहून पुढचे. समुद्री टाकीसाठी बनवलेले मीठच घ्यावे, महाग असले तरी. आणि हो, चौपाटीवरून कॅनने पाणी आणण्याचा विचारही नको. तिथे समुद्राबरोबर शहरही मिसळलेले असते.

आता ज्या दोन गोष्टींसाठी हे पत्र लिहायला घेतले त्या.

पहिली, स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी थेट टाकीत वापरावे हा सल्ला. आपल्याकडच्या पुष्कळ प्युरिफायरमध्ये मेंब्रेनमधून आलेल्या शुद्ध पाण्यात टीडीएस कंट्रोलरने थोडे न गाळलेले पाणी परत मिसळतात, किंवा मिनरलच्या कार्ट्रिजमधून ते नेतात. पिण्यासाठी ठीक आहे. पण हल्ली बऱ्याच मॉडेलमध्ये तांब्याचे कार्ट्रिजही असते. आपल्याला तांब्याच्या हंड्याचे कौतुक, म्हणून ते विकलेही जाते. समुद्री टाकीत मात्र तांबे म्हणजे विष. माशांच्या अंगावरचे परजीवी मारायला वेगळ्या टाकीत जे तांबे देतात ते ०.२ पीपीएमच्या आसपास असते. मासा ते सोसतो, कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ त्यात मरतात. पिण्याच्या पाण्यात याहून जास्त तांबे असले तरी माणसाला काही होत नाही, म्हणून घरात कुणाला शंकाही येत नाही. टीडीएस मीटरलाही ते वेगळे दिसत नाही. आणि रोज घटलेले पाणी भरताना ते थोडे-थोडे साचते, खडक आणि वाळू ते धरून ठेवतात. नंतर प्युरिफायर बदलूनही टाकी लवकर सुधारत नाही.

आमच्या आरओवाल्याला मी मेंब्रेननंतर, मिनरलच्या आधी एक टी, म्हणजे तीन तोंडांची जोडनळी, बसवायला सांगितली, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मॅडम, शून्य टीडीएसचे पाणी पिऊ नका हं, हाडे ठिसूळ होतात." म्हटले, बाबा, पिणार नाही, माशांना देणार आहे. "मग माशांची हाडे?" असे विचारून तो गेला. त्या टीमधून येणारे पाणी पुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनच्या नळकांड्यातून जाते. मीटर शून्य दाखवतो तोवर रेझिन चांगले, एक दाखवला की बदलायचे. खर्च फार नाही. हे सांगायला चौकटीत दोन ओळी पुरल्या असत्या.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. 'मालवण, लक्षद्वीप किंवा अंदमानच्या सहलीतून आणलेले प्रवाळाचे सुके तुकडे टाकीत ठेवा, कॅल्शियम आपोआप मिळत राहील' असे चौकटीत छापले आहे. हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. पाषाण-प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे हे सगळे अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्या पंगतीत आहेत. जिवंत असो वा मेलेला, किनाऱ्यावर पडलेला उचलला म्हणूनही सुटका नाही. शिक्षा तीन ते सात वर्षांपर्यंत कैद. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० मध्ये दुसरीकडे हलवले, तेव्हा महापालिकेलाही वन विभागाची परवानगी काढावी लागली होती. आपल्या वाचकाला ती कोण देणार आहे? आमच्या टाकीत फक्त मऊ प्रवाळ असण्याचे कारण हेच. दुकानात कोणी कागद न दाखवता पाषाण-प्रवाळ दाखवू लागला तर आम्ही दुसऱ्या विषयावर बोलतो.

आणि गंमत अशी की, कायदा बाजूला ठेवला तरी तो सल्ला निरुपयोगी आहे. ८ च्या आसपास पीएच असलेल्या समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट आधीच गरजेपेक्षा जास्त भरलेले असते, तिथे प्रवाळाचा तुकडा विरघळणार कसा? कॅल्शियम रिअ‍ॅक्टर म्हणून जे यंत्र मिळते, त्यात असा चुरा विरघळवण्यासाठी मुद्दाम कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच साडेसहापर्यंत खाली आणावा लागतो. टाकीतला पीएच तिथवर गेला तर तुकड्याआधी बाकी सगळे संपलेले असेल. शिंपल्यांचा चुरा, अंड्याची टरफले यांचेही तेच. ती टाकीत वर्षानुवर्षे जशीच्या तशी पडून राहतात, त्यांच्यावर शैवाल तेवढे चढते.

नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणावेत, असेही लेखात ओघात म्हटले आहे. नको. शैवाल आणि प्रवाळ उपाशी राहतात आणि त्यांच्या जागी डायनोफ्लॅजेलेट नावाची तपकिरी, बुडबुडेदार शेंबडी साय वाळूवर पसरते. ती घालवणे साध्या हिरव्या शैवालापेक्षा कितीतरी कठीण. नायट्रेट थोडे, ५ पीपीएमच्या आसपास, आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास दिसत असेल तर हात लावू नये.

लेखकाचा हेतू वाईट नव्हता हे उघड आहे, आणि माझे पत्र पत्रापेक्षा लांब झाले आहे हेही. जागेअभावी यातले काहीही गाळावे. मात्र तांब्याच्या कार्ट्रिजचे पाणी आणि प्रवाळाचे तुकडे, या दोन दुरुस्त्या त्याच पुरवणीत, शक्यतो त्याच पानावर याव्यात, कारण सुट्टीच्या सहली लवकरच सुरू होतील आणि पुरवणी घरोघर कापून ठेवलेली असते.

आसपासच्या कुणाला आपल्या टाकीची अल्कलिनिटी तपासून हवी असेल तर स्वच्छ बाटलीत शंभर मिलिलिटर पाणी घेऊन यावे, फुकट करून देईन. बाटली काठोकाठ भरून, बूच सील करून आणण्याची गरज नाही. पीएच मी बघणार नाही.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक
डोंबिवली (पूर्व)